ललितच्या नावाची मूठ

माझ्या सासरच्या माणसांची मला कायमची शिसारी बसली, ती कानबाईच्या रोटांच्या दिवशी.

श्रावणात आमची कानबाई देवी घरी बसते तेव्हा पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी सगळी भाऊबंदकी जमते. घरातल्या प्रत्येकाच्या नावानं मूठभर धान्य काढायचं, दळायचं आणि त्याचे रोट करायचे. ते फक्त कुळातल्यांनी खायचे, परक्याला तुकडाही द्यायचा नाही आणि उरवायचे तर नाहीतच. मी, दिपमाला, लग्न होऊन या घरात आले आणि त्याच श्रावणात माझ्या नावाची मूठ पडली. तेव्हा मला घरातल्या निम्म्या माणसांची नावंसुद्धा येत नव्हती.

ललित मुक्ताईनगरचा. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. माझा धाकटा दीर हेमराज आणि तो पिंप्राळ्यात एकत्र राहतात, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. ललितला त्याच्या घरच्यांनी केव्हाच तोडलंय. आमच्याकडे आला की आधी विहिरीवरची मोटार बघणार, मग सासूबाईंशेजारी चुलीपाशी बसून चहावर चहा पिणार. दोघांचं नातं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण 'हेमराजचा दोस्त' म्हटलं की झाकलं जायचं. दरवर्षी तो आमच्यातच बसून रोट खायचा आणि कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग दिल्लीच्या कोर्टात पुरुषा-पुरुषांच्या, बायका-बायकांच्या लग्नाचा खटला उभा राहिला. टीव्हीवर रोज तीच भांडणं. चुलत सासरे मगननाना ती बघत आणि जेवता जेवता नाही नाही ते घाण बोलत. लेकरं समोरच बसलेली असायची.

त्या श्रावणात पंगत बसली. ललित नेहमीच्या जागी बसला. खुर्चीवरून नाना म्हणाले, "हाऊ आपला भाऊबंद नही शे. याले रोट नको वाढू."

माझ्या सासूबाई, पुष्पाबाई, फार बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "त्याना नावनी मूठ मी टाकेल शे."

"मंग ती आम्ही खाई लेसूत," नाना म्हणाले.

आणि खाल्ली. ललितच्या वाटचा रोट मोडून तुकडे पानोपान फिरले. माझ्या नवऱ्यानंही तूप लावून खाल्ला, मेल्याला ठसकाही लागला नाही. घरात घ्यायला लग्न पाहिजे, ते लग्न करू द्यायचं नाही, आणि वर परका म्हणून त्याचा घास गिळायचा. थुंकावंसं वाटलं मला असल्या कुळावर.

हेमराज अर्ध्या ताटावरून उठला. रोट टाकून उठणं आमच्यात कोणी करत नाही. त्यानं सगळ्यांदेखत ललितचा हात धरला, पहिल्यांदाच, आणि दोघं मोटारसायकलवर बसून निघून गेले.

नानांनी ढेकर दिला. थोड्या वेळानं सवयीनं दाराकडे तोंड करून हाक मारली, "ललित, धर रे माले. मोरीवर जानं शे." नानांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून सणासुदीला हे काम ललितच करायचा. उचलून न्यायचा, धुवायचा, धोतर बदलायचा. बाकीच्यांना वास येतो.

नाना पुन्हा पुन्हा हाका मारत राहिले. धडधाकट भाऊबंद एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. खुर्चीखालून ओल पंगतीकडे यायला लागली, तेव्हा प्रत्येकानं आपापलं ताट उचलून जरा मागे घेतलं.