हसुरामदादांचे पाइप

हसुरामदादांच्या पाइपांना रजा मिळत असे. आज ओढलेला पाइप उद्या ओढायचा नाही, हा त्यांचा नियम. "आज ह्यो रजेवर हाय," म्हणत ते एक बाजूला ठेवायचे आणि भिंतीवरच्या फळीवरून दुसरा उचलायचे. "लाकूड हाय बाय, त्ये पन दमतंय. सुकाया नको?" शाळेत सहा तास शिकवून, घसा फोडून आलेली मी, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ऐकत उभी राहायची. मला त्या पाइपाचा सरळसरळ हेवा वाटायचा.

दादा आमचे घरमालक. नवीन पनवेलच्या सेक्टरांना चिकटून त्यांचं गावठाण. नव्या शहरासाठी जमीन गेली, बदल्यात पैसे आणि प्लॉट मिळाला, त्यावर त्यांनी तीन मजली इमारत बांधली आणि वरच्या मजल्यावर आम्हाला भाडेकरू म्हणून ठेवलं. आजूबाजूच्या लोकांनी अशा पैशातून मोठाल्या गाड्या घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या. दादांनी पाइप घेतले. बायको होती तोवर म्हणायची, "सोना घेतलं असतं तं पोरीच्या अंगावर दिसलं असतं." दादा हसून धूर सोडायचे.

नाद लागला जासईला. तिथल्या कंटेनर यार्डात ते क्रेन चालवत. मालाची पाहणी करायला एक गोवेकर साहेब यायचा. निवृत्त होताना त्याने आपला जुना पाइप दादांच्या हातावर ठेवला. मग दादा मुंबईच्या जुन्या बाजारात जाऊन वापरलेले पाइपच शोधू लागले. नवा कधी घेतला नाही. बावीस-तेवीस तरी असतील. प्रत्येकाच्या तंबाखू भरायच्या वाटीत आतून काजळीचा थर धरलेला. तो थर म्हणजे दादांची खरी इस्टेट. वर्षानुवर्षं हळूहळू ओढल्यावर तो धरतो, आगीपासून लाकूड राखतो आणि तंबाखूला चव देतो. "आमच्या आयेचा तवा व्हता तसा," ते सांगायचे. "कोनी घासला का आये जेवाची नाय." पाइप फुंकरीने आणि कोरड्या फडक्यानेच साफ व्हायचा. पाणी वर्ज्य.

गेल्या वर्षी छातीत दुखून ते दवाखान्यात पडले. डॉक्टरांनी तंबाखू बंद म्हणून सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा भांडतील असं वाटलं होतं, पण ते शांत होते. "ओढनार नाय आता. येक पाइप हातात घेयाचा, नाकाशी धराचा, ठेवून देयाचा. वास हाय ना त्यात बाय, त्या साहेबाचा, यार्डाचा, माजा. तेवडा पुरं हाय मना."

इकडे घरात वेगळंच चाललं होतं. त्यांचा मुलगा म्हणाला, ही अडगळ भंगारात टाका, नाहीतर बाबा परत ओढतील. त्याला आडवी आली ती वनिता, दादांची मुलगी. तिचं सासर उरणकडे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं करून, दोन रिक्षा बदलून ती रोज बापाचा डबा घेऊन दवाखान्यात जायची. डोळ्यांखाली काळं, बोलता बोलता मध्येच जांभई. "बाबांचा जीव हाय त्यात, फेकाचे नाय," ती भावाला म्हणाली. आणि बाप घरी यायच्या आदल्या दिवशी, तंबाखूचा वास जावा म्हणून, तिने सगळे पाइप गरम पाण्यात बुडवले आणि भांड्यांच्या साबणाने, काथ्याने आतून-बाहेरून घासून काढले.

दादा आले तेव्हा मी तिथेच होते. फळीवर सगळे ओळीने मांडलेले. लाकूड उडालेल्या रंगाचं, काळ्या नळ्या पांढुरक्या पडलेल्या, वाट्या आतून कोऱ्या. दादांनी गोवेकर साहेबाचा पाइप उचलला, नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"लिंबाचा वास येतोय," ते म्हणाले.

"बेस हाय ना, बाबा?" वनिताने विचारलं.

"लय बेस. येवडं काम कंदी क्येलंस गो?"

ती हसली. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

ती गेल्यावर मी दादांवर चिडलेच. तिला निदान सांगायला तरी हवं होतं, म्हटलं. दादा पलंगावर टेकले. "काय सांगू? दमलेल्या मानसाचं काम तपासाचं नसतं, बाय. त्यानं क्येलं, त्येच लय झालं." माझा तर सगळा जन्म लाल पेन घेऊन तपासण्यात गेलेला.

त्यानंतर वनिता यायची असली की ते मुद्दाम एक पाइप हातात घेऊन बसत. नाकाशी धरत. तिला बरं वाटायचं. ती नसली की फळीकडे बघतही नसत. मला ते बघवत नसे.

यंदा थंडीत दादा झोपेतच गेले. महिन्याभराने मुलाने पाइप विकायला काढले. पुण्याहून एक शौकीन आला, एकेक वाटी उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाला, "कोणी धुतले हे? पार वाट लावलीये." वनिता तिथेच चहा देत होती.

ती तशीच जिना चढून माझ्या दारात आली. "ताई, तुमाला ठाव व्हतं? मी बाबांचं वाटोलं क्येलं? येवडे दिवस वास घेत बसायचे, त्यात कायच नव्हतं? मना का नाय सांगितलं त्यांनी?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण तिच्या तोंडाकडे पाहून धीर झाला नाही. दादा त्या दिवशी पलंगावर टेकून जे म्हणाले होते, ते मी तिला त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

ती खूप रडली. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर येऊन पाहते तर दिवाणावर, पदर तोंडावर घेऊन ती गाढ झोपलेली. भर दुपारी. उशाशी तिचा फोन थरथरत होता, सासरहून होता. मी तो उचलला आणि सांगितलं, "वनिता कामात आहे. आज तिला यायला उशीर होईल."