एक जूनची माणसं

फौंड्रीच्या ऑफिसात माणसांची नोंद ठेवता ठेवता माझी सव्वीस वर्षं गेली. हजेरी, रजा, बढती, निवृत्ती. गेल्या वर्षी धाकट्या मालकांनी एक सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येकाचं वय, पगार आणि काम भरलं, की पुढच्या पाच वर्षांत कुठं किती माणसं लागतील, पगारवाढ किती झेपेल, सगळं चित्र पडद्यावर. भरणारा मी एकटा. तीन आठवडे जुन्या फायली उपसल्या. डोळे चुरचुरायचे, घरी बायकोनं साधं जेवायचं विचारलं तरी मी खेकसायचो.

शेवटी बटण दाबलं, तर पुढच्या जूनमध्ये वाळूचे साचे करणारा विभाग जवळजवळ रिकामा! धाकट्या मालकांनी सॉफ्टवेअरवाल्यांना पुण्याला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, माहिती चुकलीय. नऊ जणांची जन्मतारीख एकच आहे."

चुकली नव्हती. पण तिला कोण सांगणार? आमच्या वेळी खेड्यात पोराचा जन्म आईला सुगीवरून आठवायचा. शाळा जूनमध्ये भरायची, सहा वर्षं पुरी हवीत, म्हणून मास्तर सरसकट एक जून टाकायचे आणि साल बसेल ते. माझाही वाढदिवस तोच. हे नऊ जण तर एकाच भरतीत लागलेले. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

धाकट्या मालकांनी चित्र बघून ठरवलं, या नऊ जणांना मोठी पगारवाढ नाही, अठ्ठावन्ननंतर मुदतवाढ नाही, तो पैसा नव्या भरतीला. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. पण त्या नवांत गगनबावड्याकडचा एक मिस्त्री होता. त्याचं खरं वय कागदापेक्षा तीन वर्षांनी कमी. गावाकडं घर काढलेलं, भिंती उभ्या, स्लॅब पडायचा राहिलेला. आणखी तीन वर्षं पगार मिळेल, यावरच त्याची सगळी मदार.

मी काही केलं नाही असं नाही. 'जागी नवा माणूस किती महिन्यांत तयार होईल' असा एक रकाना होता. त्यात मी कंटाळून सगळ्यांपुढं तीन लिहून टाकलं होतं. त्याच्या अठ्ठावीस वर्षांच्या हाताची किंमत तीन महिने! स्वतःचीच लाज वाटली. खोडून साठ केलं. धाकटे मालक म्हणाले, "काका, भावनेच्या भरात आकडे भरू नका." विषय संपला. माझ्यातही आता वाद घालायचं बळ उरलेलं नाही.

चहाच्या सुट्टीत तो मिस्त्री आला.

"झालं का आमचं काम, सायेब?"

"न्हाय झालं, मिस्त्री. कागदावरचं वयच धरणार म्हणत्यात."

"शाळंचा दाखला बदलून आणू का?"

"आता कोण बदलून देणार? नोकरीला लागताना तोच दिलाय की तुम्ही."

तो खाली बघत बसला. माझं डोकं फिरलं आणि राग निघाला तो भलत्यावरच. "त्या मास्तराला तरी काय घाई झालती, तीन वर्सं वाढवायची?"

"मास्तरचं काय न्हाय त्यात," तो म्हणाला. "आई-बा रानात जायची. ताईला शाळंत जायचं, तर मला काखंला मारूनच जायला लागायचं. नाव नसलेलं पोर वर्गात कसं बसवायचं? म्हणून त्यांनी माझंबी नाव घातलं. म्हणून तर ताई शिकली. आज मास्तरीण हाय की मलकापुरात."

मी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवला.

"आता ती तीन वर्सं ताईकडनं परत मागू व्हय?" म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही. अर्धा चहा तसाच ठेवून तो साच्यांकडं गेला आणि मी त्याच्या नावापुढं निवृत्तीचा एकतीस मे कायम केला.