फाटकावरचा हार

"थांब गं. आलं."

एवढं म्हणून ताई सायकलवरून खाली उतरायच्या. तुम्ही तेव्हा सासूबद्दल बोलत असा की सुपरवायझरबद्दल, अगदी तुमच्या डोळ्यांत पाणी का आलेलं असेना, त्यांना काही देणंघेणं नसे. डावा तळवा माझ्या तोंडासमोर, उजवा हात कॅमेऱ्याच्या पिशवीत. मला तोवर काही ऐकूसुद्धा आलेलं नसायचं. मग रस्त्यातलं रेल्वे फाटक टिंगटिंग वाजायला लागायचं, दांडा खाली यायचा, आणि कारखान्यांच्या मधून ते लाल डिझेल इंजिन तेलाच्या टाक्या ओढत घरघरत यायचं.

जपानमधल्या या कावासाकी शहरात खाडीच्या बाजूला नुसते कारखाने आहेत. त्यातल्याच एका जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात आम्ही दोघी बाइतो करायचो, म्हणजे पार्टटाइम. मी पुण्याची एम.कॉम., नवऱ्यामागून आलेली. ताई पंचावन्नच्या, त्याही यजमानांमागून आलेल्या. भाऊजी सॉफ्टवेअरमध्ये, वर्षावर्षाच्या काँट्रॅक्टवर. भातावर मधोमध खारवलेला आलुबुखार ठेवायचा हे माझं काम, आणि त्याच्या शेजारी गाजराचं फूल ठेवायचं हे ताईंचं. दुपारी दोनला सुटलो की सायकलींवरून घरी, आणि वाटेत हे फाटक.

तर हो, ताई मालगाड्यांच्या डिझेल इंजिनांचे फोटो काढायच्या. आत्ता तुम्ही हसलात ना, तसेच सगळे हसायचे. एकदा फुनाबोरीला, तिकडे आपली बरीच मंडळी राहतात, एकीकडे हळदीकुंकवाला गेलो होतो. तिथल्या एका बाईंनी ताईंच्या फोनवरचे फोटो सरकवत सरकवत विचारलं, "अहो, पण सगळे सारखेच दिसतायत की!"

ताई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या नातवाचे तरी कुठे वेगवेगळे होते? मघाशी मी चाळीस पाहिले."

मी समोशात तोंड घातलं. परतताना गाडीत म्हटलं, "ताई, कशाला बोललात?"

"का? खोटं बोलले का?"

हे त्यांचं ठरलेलं. "खोटं बोलले का?" आणि पंचाईत अशी की नसायच्याच बोललेल्या.

शनिवारी त्या फाटकापाशी इतर फोटोवालेही जमायचे. सगळे जपानी, सगळे पुरुष, खिसेच खिसे असलेली जाकिटं, आणि उभं राहायला प्रत्येकाची स्वतःची घडीची शिडी. जो आधी येईल त्याची जागा पुढची, हा तिथला नियम. ताई एकदा सगळ्यांच्या आधी जाऊन उभ्या राहिल्या, तर करड्या टोपीचे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, बाई, इथे धोका आहे, जरा मागे व्हा. स्वतः ताईंच्या पुढे एक पाऊल टाकून म्हणाले, हे विशेष.

ताई कमरेत छान वाकल्या आणि हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "मला धोका आणि तुला नाही होय रे? तू कोण, रुळांचा जावई?" सगळं मराठीत. रागवायचं मराठीत आणि वाकायचं जपानीत, ही त्यांची पद्धत होती. टोपीवाले काय समजले देव जाणे, पण तेही वाकले आणि मागे सरकले. पुढच्या शनिवारी ताईंनी स्वतःची शिडी आणली, सायकलला सुतळीने बांधून. मी म्हटलं, लोक काय म्हणतील! तर म्हणाल्या, "लोकांनी शिड्या आणल्या तेव्हा मी काय म्हणाले?"

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एका जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. त्या दौंडच्या, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. वडील डिझेल इंजिनांचे फिटर. खंडेनवमीला शेडमधल्या इंजिनांची पूजा व्हायची, झेंडूचे हे एवढाले हार. हार ओवायला कॉलनीतल्या मुली, आणि घालायला मुलगे. धाकटा भाऊ इंजिनावर चढून हार घालायचा आणि या खालून बघायच्या. एका वर्षी या चढायला गेल्या, तर वडिलांनी दंडाला धरून खाली ओढलं. सगळ्यांसमोर.

"दंड चार दिवस दुखत होता," ताई म्हणाल्या. "मग बरा झाला. राग नाही गेला."

आणि त्या पुन्हा गाजराची फुलं लावायला गेल्या.

आता दसऱ्याचं सांगते. ताईंनी बाल्कनीत झेंडूच्या कुंड्या लावल्या होत्या. मला वाटलं, शोभेला. दसऱ्याला सकाळी कामावर जाताना बघते तर यांच्या सायकलच्या बास्केटमध्ये हार, हातभर लांब, चांगला जाडजूड. इंजिन काही हाताला लागणार नव्हतं, म्हणून त्यांनी तो फाटकाशेजारच्या जाळीला बांधला. खांबाला हळदकुंकू लावलं. इंजिन आलं तेव्हा हात जोडले, फोटो काढला, आणि म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं. माझ्या हाताने झालं." इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हाराखाली चहाची एक बाटली ठेवलेली. तिसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा आणि एक छोटं कापडी अस्वल. शाळेतल्या दोन मुली सायकली थांबवून हात जोडून गेल्या. ताईंचा आनंद गगनात मावेना.

"बघितलंस? यांना कळलं! नैवेद्य ठेवलाय गं, नैवेद्य! आणि तू म्हणे, लोक काय म्हणतील!"

मलाही खरंच वाटलं, कशाला लपवू? आम्ही दोघींनी घरच्यांना फोटोसुद्धा पाठवले, जपानमध्ये दसरा म्हणून.

चौथ्या दिवशी एक म्हातारी जाळीपाशी रुमालाने डोळे टिपत उभी होती. तिने मला हळू आवाजात विचारलं, "किती वर्षांचं होतं हो?"

"कोण?"

"मूल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथे रेल्वे फाटकापाशी फुलं ठेवतात ती तिथे कुणी गाडीखाली गेलं तर. चहा, बिस्किटं, अस्वल, सगळं त्या न मेलेल्या मुलासाठी होतं. मी ताईंना सांगितलं. आधी म्हणाल्या, "काहीतरीच!" मग त्या अस्वलाकडे बघत राहिल्या. आणि मग हाराची गाठ सोडायला लागल्या. गाठ पक्की बसली होती, दातांनी सोडवावी लागली.

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मालगाड्यांच्या ऑफिसने पोलीस चौकीत विचारलं, चौकीने कारखान्यात, आणि फिरत फिरत फोन गेला भाऊजींच्या ऑफिसात. हार बांधणारी परदेशी बाई शोधायला त्यांना फार कष्ट पडले नसणार. भाऊजींना तिथे अगदी गोड शब्दांत सांगण्यात आलं की आपल्या पत्नीने काही दिवस तिकडे जाणं टाळलं तर बरं होईल. इथे 'बरं होईल' म्हणजे काय, ते इथे राहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

भाऊजी गरीब माणूस. माझ्या देखतच म्हणाले, "काँट्रॅक्टचं बोलणं चाललंय. मार्चपर्यंत नको जाऊस. मग जा हवी तितकी."

नेमकी तीच गोम होती. मार्चमध्ये ते लाल इंजिन कायमचं बंद होणार होतं. करड्या टोपीवाल्यांनीच ताईंना कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं होतं.

"मार्चनंतर जाऊन काय करू? रुळांचे फोटो काढू?" ताई म्हणाल्या. "चूक मी केली, मी निस्तरते. पण जागा सोडणार नाही. एकदा ओढलंय मला खाली. आता नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू चल. बोलायला."

गेलो. माफी मागायला जाताना इथे मिठाईचा बॉक्स नेतात, तो घेतला. ताई साडी नेसल्या होत्या, कुंकू नेहमीपेक्षा मोठं. मालगाड्यांच्या ऑफिसातले साहेब साठीचे असतील. ताई वाकल्या, मी वाकले, ते वाकले. मी हार, दसरा, इंजिनाची पूजा, सगळं जमेल तसं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे कुणी गेलेलं नाही? नक्की?"

"नक्की," मी म्हटलं.

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि आतून एका माणसाला बोलावलं. तिशी-पस्तिशीचा असेल, गणवेशात. तो ते इंजिन चालवणारा ड्रायव्हर होता. जाळीला फुलं बघून त्याला वाटलं होतं की आपल्याच गाडीखाली कुणीतरी आलं आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही. चार दिवस त्या माणसाला जेवण गेलं नव्हतं. इंजिनाची चाकं त्याने स्वतः खाली वाकून तपासली होती. पुन्हा पुन्हा.

मी हे ताईंना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. हे त्यांच्या हिशेबात नव्हतंच. नियम मोडला असेल, कुणाला आवडलं नसेल, त्याची सगळी उत्तरं त्या तयार करून आल्या होत्या.

त्या उठल्या, त्या ड्रायव्हरसमोर गेल्या आणि मराठीतच म्हणाल्या, "चुकलं माझं बाबा. फार चुकलं." डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर तोच वाकला होता. मला काही बोलावंच लागलं नाही.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं. दारापर्यंत गेलो आणि बाई वळल्या. "आता दुसरं सांग. फुलं पुन्हा नाही. पण मी येणार. शेवटच्या दिवसापर्यंत येणार. रस्ता काही यांचा नाही."

मी शेवटचं वाक्य गिळलं आणि बाकीचं सांगितलं. साहेबांनी मिठाईचा बॉक्स दोन्ही हातांनी जवळ ओढला. मग म्हणाले, रस्ता सगळ्यांचा आहे. बघा, जे सांगायला मी घाबरले ते त्यांनी आपणहून म्हटलं. ताई मला महिनाभर ऐकवत होत्या.

त्या हिवाळ्यात त्या रोज गेल्या. भाऊजी आठवडाभर बोलले नाहीत, मग थर्मासमध्ये चहा भरून द्यायला लागले. काँट्रॅक्ट काही पुढे झालं नाही. प्रोजेक्टच बंद पडलं, भाऊजींबरोबर आणखी चौघे गेले, तरी काही जणी कुजबुजायच्याच की बायकोच्या नादापायी. ताईंच्या कानावर आलं. त्या दिवशी फूल लावताना त्यांनी तीन गाजरं मोडली.

परतीची तिकिटं फेब्रुवारी अखेरची आली. इंजिनाची शेवटची फेरी मार्चच्या मध्यावर. झालं! भाऊजी सामान घेऊन पुढे गेले आणि ताई त्यांची शिडी घेऊन माझ्याकडे राहायला आल्या. माझा नवरा म्हणाला, "अगं, पण इंजिनासाठी?" मी म्हटलं, "हो, इंजिनासाठी." बघा, मीही बिघडले होते तोवर.

शेवटच्या दिवशी फाटकापाशी ही गर्दी. साठ-सत्तर शिड्या तरी असतील. ताई पहाटेच जाऊन बसल्या होत्या, म्हणून पुढची जागा मिळाली. करड्या टोपीवाले शेजारी. अशा वेळी तिथे एकच कडक नियम असतो: इंजिन समोर आलं की कुणाचंही डोकं, हात, टोपी, काही म्हणजे काही पुढे येता कामा नये. मागच्या सगळ्यांचा फोटो वाया जातो. शिट्टी झाली. ते लाल इंजिन हळूहळू वळणावरून आलं, आणि आत तोच ड्रायव्हर.

इथले ड्रायव्हर प्रत्येक सिग्नलकडे पांढऱ्या हातमोज्याचं बोट दाखवतात आणि मोठ्याने म्हणतात, "योशी!" म्हणजे बघितलं, ठीक आहे. त्याने सिग्नलकडे बोट केलं. मग फाटकापाशी आला, आणि बोट सरळ ताईंकडे केलं. ओठ हलले. खिडकीच्या काचेतून ऐकू आलं नाही, पण काय म्हणाला ते मला कळलं, आणि मला रडूच फुटलं.

ताईंच्या डाव्या हातात कॅमेरा तसाच राहिला. त्यांनी उजवा हात खांद्यापासून पुढे फेकला, हिरव्या बांगड्यांसकट, बोट त्याच्याकडे, आणि ओरडल्या, "ठीक! एकदम ठीक रे बाबा!" नेमके त्याच क्षणी मागचे सगळे कॅमेरे कडकडले.

काय आरडाओरडा झाला! टोपीवाल्यांनी तर दोन्ही हात डोक्याला लावले. ताई शिडीवरून उतरल्या, चारी दिशांना एकेकदा वाकल्या, शिडी मिटली आणि म्हणाल्या, "चल, भूक लागली." त्या रविवारी त्या विमानात बसल्या. मी एकटी कामाला जाते आता. गाजराचं फूल नवीन मुलगी लावते, वाकडं लावते.

परवा सहज इंटरनेटवर त्या फेरीचे फोटो शोधले. सापडले, ढिगाने. प्रत्येकात लाल इंजिनाच्या पुढ्यात हिरव्या बांगड्यांचा एक हात. एकाने खाली लिहिलं होतं, शेवटची फेरी, दुर्दैवाने कुणा बाईचा हात मध्ये आला आहे, क्षमस्व. मी तो फोटो ताईंना पाठवला आणि खालचं मराठीत करून कळवलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "क्षमा कसली मागतो मेला? कुणा बाईचा म्हणे! माझा आहे, कळव त्याला."