फोर म्हणजे पोर नव्हे

नगरच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो आणि शेजारी राहणारे निवृत्त मेजर मला गोल्फ शिकवत होते. त्यांचा खेळातला जोडीदार बदली होऊन दुसऱ्या गावी गेला होता, आणि मला नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच माझ्या गोल्फचं कारण.

कॅन्टोन्मेंटपलीकडच्या माळावर नऊ भोकांचं मैदान होतं. मेजरांनी पहिले दोन रविवार मला काठी हातात धरूच दिली नाही, नुसते रिवाज शिकवले. दुसरा मारत असताना बोलायचं नाही. त्याच्यावर आपली सावली पडू द्यायची नाही. भोकाभोवती तेल शिंपडलेल्या वाळूचा गोल असे. त्यावर उमटलेली आपली पावलं जाताना गोणपाटानं पुसायची. आणि फटक्याबरोबर गवताचा ढपला उडाला तर तो उचलून आणून जागच्या जागी बसवायचा. मी बाकी सगळं पाळत असे. ढपल्याच्या बाबतीत मात्र, मेजरांची पाठ वळली की मी सरळ पुढे चालू लागे.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर वडील शेवगावकडून दात काढायला माझ्याकडे आले. रविवारी पहाटे मला बूट चढवताना पाहून त्यांनी विचारलं, "कुठं निघाला?"

"खेळायला."

"ह्या वयात?" म्हणाले, आणि फेटा बांधून माझ्याबरोबर निघालेच.

मेजरांनी त्यांना अदबीनं नमस्कार केला. मी वडिलांना वाटेत बजावलं होतं, "दादा, कुणी मारत असलं की बोलायचं नाही." त्यांनी मान डोलावली होती. पण मेजर काठी उगारून उभे राहिले, कंबर हलवू लागले, आणि इतका वेळ हलवत राहिले की वडिलांना राहवेना.

"सायेब, कंबर धरलीय का?"

चेंडू थेट बाभळीत गेला. काट्यांतून चेंडू काढताना मेजरांचे कान लाल झाले होते.

मग मी मारलं. चेंडू वीस पावलं गेला, ढपला पंधरा. मी सवयीनं चालू लागलो.

"आरं ए! हे कोन उचलनार?" वडील जागेवरच उभे. "दोन वर्सं गवताची काडी बघाया मिळाली न्हाई. आत्ता कुठं रान हिरवं झालंय, आन् तू लाथाडून चालला?"

कॉलेजात दोनशे पोरांना गप्प बसवणारा मी मुकाट्यानं परत फिरलो. वडिलांनी ढपला माझ्या हातून घेतला, मुळं खाली करून खड्ड्यात बसवला, टाचेनं दाबला आणि त्यावर पाणी ओतलं. ते मेजरांच्या पिण्याच्या बाटलीतलं होतं.

"मी तीन महिने हेच सांगतोय ह्यांना," मेजर म्हणाले. पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

त्यानंतर वडिलांना दुसरं काही दिसेना. आमच्या आधी खेळून गेलेल्यांनीही जागोजागी खड्डे ठेवले होते. वडील एकेक बुजवत मागे राहिले आणि आम्ही पुढे गेलो. तेवढ्यात मागून खेळत येणाऱ्या एका लष्करी साहेबाची आरोळी आली, "फोर!"

चेंडू अंगावर येतोय, सांभाळा, असा त्याचा अर्थ. वडील उठून उभे राहिले आणि कपाळावर हात धरून चहूकडे बघू लागले.

"पोर? कुनाचं पोर?"

चेंडू त्यांच्यापासून दोन हातांवर आदळला. मी धावत सुटलो, पण तोवर त्यांनी तो उचलून, धोतराला पुसून साहेबाच्या हातात नेऊन दिला होता. खेळात याहून मोठा गुन्हा नाही. साहेब पंजाबी होता आणि त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"तुमचा चेंडू घ्या," वडील काळजीनं सांगत होते, "पन आदी पोर हुडका. लहान हाय का?"

धापा टाकत आलेल्या मेजरांनी त्याचं हिंदी केलं. साहेब असा हसला की टोपी पडली.

"पण आता चेंडू ठेवायचा कुठे?" त्यानं विचारलं. जिथे पडला तिथूनच खेळावा लागतो. वडिलांनी त्याला तिथवर नेलं आणि गवतातल्या बोटभर खळग्यावर बोट ठेवलं. बांध राखण्यात आयुष्य गेलेला माणूस. जागा चुकणं शक्यच नव्हतं. साहेबानं चेंडू ठेवला, मारला आणि उडालेला आपला ढपला स्वतः आणून बसवला. वडील बघतच उभे होते, साहेब बिचारा दुसरं काय करणार!

शेवटच्या भोकाशी मेजरांनी वडिलांपुढे काठी केली. ती त्यांनी कुदळीसारखी धरली. मी दोन पावलं मागे सरलो. एकच फटका, गवताची काडीही हलली नाही आणि चेंडू पार तारेच्या कुंपणापलीकडे. तीन महिन्यांत माझा एकही तसा गेला नव्हता. मला अभिमान वाटला आणि तितकाच रागही आला.

वडिलांनी काठी परत दिली. "झालं का? मग चला, भूक लागलीय."

मंगळवारी दोन दात काढून ते एस.टी.नं गावी गेले. रविवारी मेजर दारात आले, माझ्या खांद्यावरून आत डोकावले आणि त्यांनी विचारलं, "एकटेच?"