खिडकीतला हात

माझी आत्या एका जुन्या चित्रपटगृहाच्या तिकीट खिडकीत बसते. सगळे तिला खिडकीबाई म्हणतात. खिडकी कसली, काचेला खाली ठेवलेली अर्धगोल फट. तिच्यातून एका वेळी एकच हात आत जातो, आणि नुसत्या हातावरून माणूस ओळखते असं आत्या सांगते. मला त्यातल्या निम्म्या थापा वाटतात, पण तिच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नाही.

हे घडलं तेव्हा आत मारधाडीचा एक चित्रपट चालला होता. घरात शिरलेल्या गुंडांना नायिका एकेक करून लोळवते, शेवटच्याला तर कोयत्यानं. तिथे शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी राही. बाबा तीनदा पाहून आले. "बाई असावी तर अशी," म्हणाले.

आणि एका दुपारी, खिडकीपुढे चिटपाखरू नसताना, फटीतून चाकू धरलेला हात आत आला. आत्याच्या मनगटावर पातं टेकवून तो माणूस म्हणाला, "गल्ला इकडे सरकव." तिकिटांची अर्धुकं टोचून ठेवायला आत्याजवळ लाकडी ठोकळ्यावर उभी टोकदार सळई असे. मोकळ्या हातानं तिनं ती उचलली आणि त्याच्या हातात खुपसली. चाकू आतच पडला. माणूस पळाला, आणि दवाखान्यात पट्टी बांधून घेताना सापडला.

पोलिसांनी जबाब घेतला. "जीव वाचवायला केलंत, निश्चिंत राहा," म्हणाले. कायद्याचं तेवढ्यावर मिटलं. लोकांचं मिटेना. चहावाला म्हणाला, "धाडसी खऱ्या, पण जरा अतीच." शेजारीण म्हणाली, "गल्ला काय हिच्या बापाचा होता?" बाबांनी तर कमालच केली. "ताई, देऊन टाकायचे पैसे. बाईमाणसानं असं करायचं असतं का?"

माझं डोकंच फिरलं. "बाबा, परवा शिट्ट्या कोण मारत होतं?"

"अरे, तो सिनेमा आहे," बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

आता लोक लांबूनच नोट फटीत ढकलत आणि विंचू दिसल्यासारखा हात मागे घेत. मालकांनी आत्याला बोलावलं. "बाई, काही दिवस घरी बसा. गिऱ्हाईक बिचकतंय." काही दिवस म्हणजे कायमचं, हे न कळायला आत्या कुक्कुलं बाळ नव्हती. ती एकटी राहते. त्या खिडकीवर तिची चूल पेटते.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. लोकांना शिव्या घालायच्या तयारीतच होतो, पण ती शांतपणे लसूण सोलत होती.

"त्याचा हात गरम होता रे," ती म्हणाली. "सळई जरा अडली, मग गेली. त्या सिनेमातल्या बाईला असं काही होत नाही."

"म्हणजे चुकलं तुझं?"

"चुकलं नाही. पुन्हा वेळ आली तर तेच करीन. पण त्यावर कुणी शिट्टी मारली तर मला सहन होणार नाही." तिचे डोळे भरून आले. मीही लसूण सोलायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर जाऊन खिडकीत बसली. मालक चरफडत मागे उभे राहिले. "आजचा खेळ बघतो, मग ठरवू." मी बाहेर रांगेच्या कडेला होतो. पहिला माणूस नोट घेऊन फटीपाशी आला आणि तिथेच थबकला. एरवी धक्काबुक्की करणारी रांगही त्याच्यामागे जागच्या जागी थांबली.

आत्यानं बाही वर सारली आणि आपलाच हात फटीतून बाहेर काढला, तळवा वर करून. मनगटावर चाकूचा ओरखडा अजून लाल होता. कुणीही धरावा, पिरगळावा, असा तो हात उघडा पडला होता.

"तुम्ही आत हात घालू नका," ती म्हणाली. "इथे द्या."

तो ओरखडा रांगेला दिसला, काचेतून मालकांनाही दिसला. त्या माणसानं नोट तिच्या तळव्यावर ठेवली, आणि तिची मूठ मिटेपर्यंत आपला हात तिथून काढला नाही.