बुळबुळीत बाटली

मुलुंडच्या आमच्या इमारतीत ती दुसऱ्या मजल्यावर राहते आणि अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करते. लिफ्टपाशी भेटली की आधी हातातली पाण्याची बाटली मागते, आत बोट फिरवते आणि निकाल देते, “बुळबुळीत. दे इकडे.” संध्याकाळी बाटली लख्ख होऊन परत येते.

त्या थराला ती घाण म्हणत नाही. “घर आहे गं ते जिवाणूंचं. प्रोटीनचे दोरे घालून पक्कं बांधलेलं. नुसतं विसळून काय होतंय? घासायलाच हवं.” एकदा मात्र हळू आवाजात म्हणाली, “तशाच घडणीचे दोरे आईच्या मेंदूत साचलेत. जिवाणू त्यांनी घर बांधतात, आणि आमची आई घर विसरते.”

परवा माझी बाटली नवीकोरी होती. तिने बोट घातलं. “बुळबुळीत.”

“अगं, आत्ता दुकानातून आणलीय!”

“दे ना यार. आज एकही मिळाली नाही.”

मी तिच्या मागोमाग घरात गेले. तिची आई बेसिनपाशी स्टुलावर बसली होती, हातात ब्रश तयार. लेकीचं नावही आता त्यांना आठवत नाही. बाटली उजेडात धरून त्यांनी आत पाहिलं आणि मला फटकारलं, “शी! किती दिवस घासली नाहीस गं?”

दाराशी उभी असलेली ती खुदकन हसली.

“चुकलं, काकू,” मी म्हणाले. “उद्या दोन आणते.”