काट्यावर चढवलेली मोटार

डॉक्टरीणकाकू मोटार चालवताना एक शब्द बोलत नसत आणि मोटारीतून उतरल्या की थांबत नसत. पदर कमरेला खोचून चाकामागे बसल्या की ओठ घट्ट मिटायचे. शेजारच्याने काही विचारलं तर उत्तर मुक्कामाला पोचल्यावर मिळायचं, तेही विचारणारा प्रश्न विसरून गेल्यावर. उतरल्यावर मात्र खड्ड्यांपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा समाचार सुरू व्हायचा आणि त्यातला मोठा वाटा मोटारीवरच्या कराचा असायचा.

संगमनेरपासून काही मैलांवरच्या एका गावात मी तेव्हा हायस्कुलात मास्तर होतो. काकूंच्या माडीवर आम्ही नवराबायको भाड्याने राहत होतो. डॉक्टरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यामागे राहिलं ते घर, औषधांचं रिकामं कपाट आणि ती मोटार. कुणा गोऱ्या साहेबाने देश सोडताना विकलेली, काळी, लांबलचक, उभी राहिली की अर्धं अंगण व्यापणारी. डॉक्टरांना मोटारीत बसलं की डुलकी लागायची, म्हणून काकूंनी त्यांच्या हयातीतच ती चालवायला शिकून घेतली होती. कुणी "बाईंची जुनी मोटार" म्हणालं की त्या तिथल्या तिथे सुनवायच्या, "जुन्या चपला असतात. ही वयाने मोठी आहे."

मोटार रोज निघत नसे. निघायची ती बहुतेक वेळा अडलेल्या बाळंतिणीसाठी. एखाद्या वस्तीवरून बैलगाडी यायची आणि घरधनी फाटकाशी उभा राहून म्हणायचा, "बाई, मोटार काढता का?" काकू चुलीवरचं तसंच ठेवून उठायच्या. मोटारीची मागची सीट चांगली ऐसपैस होती. तिच्यावर आडवी होऊन बाई संगमनेरच्या दवाखान्यात जायची. त्यातल्या कित्येकींची मुलं माझ्या वर्गात होती. पुढे कुणी शेंगांचं गाठोडं आणून द्यायचं, कुणी काहीच नाही. काकूंनी कधी विचारलं नाही.

कराचं दुखणं असं होतं की तो मोटारीच्या वजनावर ठरायचा. सोसायटीच्या चेअरमनची नवी, छोटी मोटार दिवसभर संगमनेरच्या खेपा घालायची, पण ती हलकी, म्हणून तिचा कर कमी. काकूंच्या मोटारीचा पत्रा जुन्या काळचा, जाडजूड, म्हणून ती अंगणात उभी असली तरी कर जास्त. "रस्ता झिजवतो तो आणि भरते मी," असं त्या म्हणायच्या. माणसाचं वय झालं की सरकार त्याला पेन्शन देतं, मग मोटारीचं वय वाढेल तसा तिचा कर उतरायला नको का, असा त्यांचा सवाल होता. मी एकदा म्हणालो, "काकू, रस्त्याला वजन कळतं, वय कुठं कळतं?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही माझे भाडेकरू की कचेरीतले?" त्यानंतर काही दिवस खालून चहाची हाक आली नाही. खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटायच्या आणि त्याचाच मला वैताग यायचा.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात रस्त्यांची कामं निघाली. उन्हात बायका खडी फोडत बसलेल्या असायच्या. एके दिवशी आम्ही संगमनेरहून येत होतो. कामापाशी मोटार हळू झाली तशी एक म्हातारी हातोडी खाली ठेवून म्हणाली, "डाक्टरीनबाई, तुमच्याच मोटारीसाटी फोडतोय बगा आमी ही खडी." ती चेष्टेने म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. घरी आल्यावर काकू पहिल्यांदाच काही न बोलता आत गेल्या. संध्याकाळी माडीवर आल्या आणि जिन्याच्या तोंडाशीच उभ्या राहिल्या. "कर द्यायचा नाही असं मी कधी म्हटलंय, मास्तर? रास्त घ्या म्हणते." रास्त हा त्यांचा आवडता शब्द. दूधवाल्याशी, भाजीवालीशी आणि माझ्याशीही तोच.

त्यांनी अर्ज केले, ते कुठे गेले कुणास ठाऊक. मग त्यांच्या डोक्याने भलतंच घेतलं. कर वजनावर आहे ना, मग वजनच कमी करू. हातात पाना घेऊन त्या स्वतः मोटारीखाली शिरल्या. आधी टपावरची लोखंडी जाळी उतरली, मग जादा चाक, मग पुढचामागचा बंपर. शेवटी मागची सीट निघाली. ती मी आणि बायकोने धापा टाकत माडीवर चढवली. बायकोने विचारलं, "काकू, बाळंतिणीला निजवणार कुठं?"

"गादी घालीन. गादीचं वजन सरकार धरत नाही."

आता वजन करायचं कुठे? आमच्या भागात एवढा मोठा काटा एकच, साखर कारखान्याचा. काकूंनी उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत मोटार लावली आणि नंबर येईपर्यंत तशाच गप्प बसून राहिल्या. काटेवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाई, ऊस कुठं हाय?"

"ऊस नाही. मोटार मोजा."

"लई वर्सं हाय मी हितं, पन मोटार न्हाई मोजली कुनाची. चिठ्ठी कशाची फाडू? माझ्याकडं उसाच्याच हायती."

"उसाची फाडा. वजन खरं असलं म्हणजे झालं."

मागचा एक गाडीवान ओरडला, "बाई, रस किती निगंल हिचा?"

"तो सरकार काढतंय," काकू म्हणाल्या आणि सगळ्या रांगेबरोबर स्वतःही हसल्या. मोटारीच्या बाबतीत त्यांना हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

ती उसाची चिठ्ठी घेऊन आम्ही जिल्ह्याच्या गावी मोटारींच्या कचेरीत गेलो. साहेब भला माणूस होता. त्याने काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं, चिठ्ठी उलटसुलट पाहिली, बाहेर येऊन मोटारीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "बाई, नोंदणीच्या वेळी लिहिलंय तेच वजन आम्ही धरतो. आणि परवानगीशिवाय सीट काढलीत, बंपर काढलेत, म्हणजे नोंदीतली मोटार ही राहिलीच नाही. होतं तसं सगळं बसवा आणि मगच रस्त्यावर आणा."

"आणि तिच्या वयाचं काय?"

"वय बघायची आमच्याकडे सोय नाही. उद्या जुन्या मोटारींना सवलत दिली तर जिल्ह्यातलं सगळं भंगार रस्त्यावर येईल."

"भंगार आणि ही, यात तुम्हाला फरक दिसत नाही? आणखी काही वर्षांनी लोक हिला बघायला गर्दी करतील."

"तेव्हा या, बाई. तेव्हा बघू."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. तो उर्मट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्याच्या जागी तो बरोबर होता आणि काकू त्यांच्या जागी बरोबर होत्या. अशा वेळी हरतं कोण हे काही वेगळं सांगायला नको.

घरी आल्यावर काकूंनी पुन्हा पाना हातात घेतला. पण गंजलेल्या बोल्टांचे आटे काढतानाच गेले होते. बंपर काही केल्या बसेना. तसे बोल्ट संगमनेरात मिळाले नाहीत, श्रीरामपुरात मिळाले नाहीत. त्यात पेट्रोल भडकलं. मोटार रस्त्यावर आणायची नाही आणि कर मात्र चालू. एके दिवशी काकू मोटारीखालून बाहेर आल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "पुरे झालं."

भंगारवाला आला. त्याने ना मोटारीचं वय विचारलं, ना ती कुणाकुणाला घेऊन गेली ते. तोही वजनावरच घेणार होता. वजन भरावं म्हणून बंपर आणि जाळी त्याने आधी मोटारीत कोंबली. मग सीटसाठी माडीवर आला. माझी बायको त्या सीटवर बसून राहिली, ती काही केल्या उठली नाही. शेवटी तो तसाच खाली उतरला. मोटार त्याच कारखान्याच्या काट्यावर चढली. काकू आल्या नाहीत, मी गेलो होतो. काटेवाल्याने मोटार ओळखली. त्याने हळूच विचारलं, "मास्तर, ह्या टायमाला कशाची फाडू?" मी म्हणालो, "उसाचीच." या वेळी रांगेत कुणी हसलं नाही.

पुढच्याच महिन्यात फाटकाशी बैलगाडी उभी राहिली. गाडीवान मोकळ्या अंगणाकडे बघत म्हणाला, "बाई, मोटार कुटं हाय?" काकूंनी गादी खांद्यावर टाकली. त्या सरळ बैलगाडीत चढल्या आणि आत कळा देणाऱ्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन संगमनेरपर्यंत गेल्या. पोरगी सुखरूप सुटली, पण पोचेपर्यंत फार हाल झाले. परत आल्यावर काकू कराबद्दल बोलल्या नाहीत, सरकारबद्दलही नाही. त्यांचं ते गप्प राहणं मला अजून आठवतं आणि अजून चीड येते.

काकू आता नाहीत. परवा पेपरात जुन्या मोटारींच्या मिरवणुकीचा फोटो आला होता. लोक दुतर्फा गर्दी करून उभे होते. खाली बातमी होती की अशा मोटारींना करात सूट द्यावी अशी मागणी आहे. अट एवढीच की मोटार मूळ स्वरूपात हवी, तिचं काही काढलेलं नको. मी पेपर भिरकावून दिला. तो मी काकूंच्या मोटारीच्या सीटवर बसूनच वाचत होतो.

ती माझ्याकडे कशी आली तेवढं सांगतो. संस्थेने माझी बदली श्रीरामपूरला केली तेव्हा बायकोला दिवस गेले होते. सामानाचा ट्रक दारात उभा राहिला. काकूंनी सगळ्यात आधी माडीवरची सीट खाली आणायला लावली आणि ट्रकात पुढच्या फळीला टेकवून घट्ट बांधून घेतली. मग माझ्या बायकोला हात देऊन वर चढवलं आणि सीटवर नीट आडवं निजवलं.

"काकू, एवढी जड सीट, तुमची आठवण म्हणून तुमच्याकडेच असू दे," मी म्हणालो.

"न्या, मास्तर," काकू म्हणाल्या. "आता हिचं वजन कुणी करणार नाही."